भिंतीवरचा टीव्ही आणि भिंतीतली वायर
(तृतीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी लेख द्या, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींनी आपापले विषय भराभर सांगून टाकले. कुणी संतसाहित्य घेतले, कुणी ग्रामीण कथा. एकीने तर दोन कविता तिथल्या तिथे कागदावर उतरवून दिल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मी वायरीवर लिहिणार आहे." सगळ्या हसल्या. आमचे सरही हसले, पण हसून झाल्यावर त्यांनी विचारले, "का?" त्या 'का'चे उत्तर म्हणजे हा लेख.

आमचे घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका लहानशा गावात आहे. जांभ्या दगडाचे, म्हणजे आमच्या भाषेत चिऱ्याचे. भिंती जाड, वर कौले, पावसाळ्यात चार महिने सगळीकडे ओल. प्रथम वर्षाची परीक्षा संपवून मी मे महिन्यात घरी गेले तेव्हा दादाने नवा टीव्ही आणला होता. त्रेचाळीस इंची, पाटीसारखा सपाट, आणि वजनाला इतका हलका की मी एकटीने उचलून पाहिला. तो भिंतीवर लावायचा, हे ठरलेलेच होते. प्रश्न होता तो वायरींचा.

येथे थोडे मागे जायला हवे. आपल्या देशात दूरदर्शनची सुरुवात दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाली आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचा संच म्हणजे एक पेटीच होती. काहींना सरकती लाकडी दारे असत, वर क्रोशाचा रुमाल असे. मागे काचेची भलीमोठी नळी असल्यामुळे ती पेटी भिंतीवर चढणे शक्यच नव्हते. ती आपली टेबलावर नाही तर कोपऱ्यातल्या चौरंगावर बसे. छपरावरच्या अँटेनाची चपटी वायर खिडकीतून आत येई आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत लोंबत राही. तिची लाज कुणालाच वाटत नसे. उलट, छपरावर अँटेना आणि खिडकीत वायर ही त्या घराची ऐट होती.

पुढे नळी गेली, पडदा सपाट झाला आणि टीव्ही भिंतीवर गेला. भिंतीवर गेला म्हणजे तसबिरीच्या पंक्तीत जाऊन बसला. तसबिरीला वायर नसते. टीव्हीला मात्र दोन-तीन असतात. पूर्वी जी वायर टेबलामागे निमूट पडून असे, तीच आता कोऱ्या भिंतीवर शेपटासारखी दिसू लागली. वायर लपवण्याची हौस येथून सुरू झाली. ही हौस वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. लोंबत्या वायरीत लहान मुलाचा पाय अडकतो, मांजर खेळते, उंदीर कुरतडतात. वायर नीट, मार्गी लावलेली असणे हे सुरक्षेच्याही हिताचेच आहे. मात्र नीट लावणे वेगळे आणि दृष्टीआड करणे वेगळे. हा फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता.

आम्ही काय केले ते आता सांगते. दादाने छिन्नी-हातोड्याने स्विचबोर्डापासून टीव्हीच्या जागेपर्यंत भिंतीत एक तिरकी खाच काढली. तिरकी अशासाठी, की वायर तेवढी कमी लागते. चिरा मऊ असल्यामुळे तासाभरात काम झाले. टीव्हीबरोबर आलेली वायर त्या खाचेत बसवायची म्हणून तिचे दुपिनी टोक कापले, बोर्डापर्यंत पुरेना म्हणून तिला दुसरा तुकडा जोडला, जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, वरून सिमेंट-वाळू भरली आणि वाळल्यावर रंग दिला. टोक पुन्हा लावून ते बोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचले. भिंत अशी सुरेख दिसू लागली की शेजारची माणसे बघायला आली.

मग आजी म्हणाली, "बाय, जरा उंच झालाय गो. मान दुखते." आजी जमिनीवर बसून टीव्ही बघते. म्हणून लोखंडी चौकट चार बोटे खाली घ्यायचे ठरले. दादा कामाला गेला होता. ड्रिल मशीन घरात होते. नवी भोके मी पाडली. तीन भोके चांगली पडली. चौथे मात्र फारच सहज पडले. त्यात प्लॅस्टिकची गिट्टी बसेना, भुसा पडत राहिला. शेवटी मी गिट्टी काढून टाकली आणि एक लांब स्क्रू तसाच पिळून घट्ट केला. टीव्ही लागला, चित्र स्वच्छ आले, आजीची मान दुखायची थांबली.

ही मे महिन्यातली गोष्ट. जूनच्या शेवटी एका सकाळी आजीने जमीन पुसली आणि त्याच ओल्या फडक्याने टीव्हीमागची जळमटे काढायला हात घातला. आम्हांला फक्त पडल्याचा आवाज आला. ती पाठीवर पडली होती, फडके दूर उडाले होते आणि उजवे मनगट वाकडे झाले होते. दादा तिच्याकडे धावला. बाबांनी मात्र आधी मीटरपाशी जाऊन मेन बंद केला आणि मगच तिला हात लावू दिला. मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लॅस्टर होते. जीव वाचला.

गावातले जुने वायरमन, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणतो, ते दुपारी आले. त्यांनी कुणालाही बोल लावला नाही. मेन चालू करून टेस्टर त्या लोखंडी चौकटीला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. मेन पुन्हा बंद करून त्यांनी चौथा स्क्रू काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या टोकाला तांब्याचा बारीक ठिपका चिकटला होता. तो स्क्रू मी पिळला होता.

त्यानंतरच्या सुट्यांमध्ये मी तात्यांबरोबर दहा-बारा घरी कामाला गेले. शिडी धरली, वायरी ओढल्या आणि पुष्कळ प्रश्न विचारले. जे शिकले ते क्रमाने मांडते.

शॉक बसला, पण फ्यूज का गेला नाही?

माझा पहिला प्रश्न हाच होता. आमच्या घरी नवा एम.सी.बी. होता. चौकटीत वीज उतरली होती, तर तो पडला का नाही?

एम.सी.बी. किंवा जुना फ्यूज हा वायरीचा रखवालदार आहे, माणसाचा नव्हे. वायरीतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह जाऊ लागला तर ती तापून पेट घेईल, म्हणून तो पुरवठा तोडतो. आमचा एम.सी.बी. सहा अँपिअरचा होता. आपल्याकडे घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध साधारण एक ते दोन हजार ओहम धरला, तर अंगातून जाणारा प्रवाह होतो अँपिअरचा एक-दशांश ते एक-पंचमांश. माणसाचा जीव घ्यायला एवढा पुरेसा आहे. पण सहा अँपिअरवर बसलेल्या रखवालदाराच्या तो गावीही नसतो.

मग अर्थिंगचे काय? लोखंडी वस्तूला अर्थिंग जोडलेले असते, तर वीज उतरताच प्रचंड प्रवाह जमिनीकडे धावून एम.सी.बी. पडला असता. पण बहुतेक टीव्हींना दुपिनी वायर येते. संचाला आतून दुहेरी आवरण असल्यामुळे त्याला अर्थिंगची गरज नसते, आणि संचापुरते ते बरोबरही आहे. चौकट मात्र संचाचा भाग नव्हे. ती भिंतीला ठोकलेले एक लोखंड आहे. तिला अर्थिंग नाही, आवरण नाही. तिच्यात उतरलेली वीज वाट पाहत थांबते आणि जो ओल्या पायांनी येईल त्याच्यातून वाट काढते.

दुसरा प्रश्न: मे महिन्यात पाडलेले भोक जूनच्या शेवटापर्यंत गप्प का राहिले? त्याचे उत्तर तात्यांनी बाबांना एक प्रश्न विचारून काढले. "मध्ये कधी पिन काढली होती का?" काढली होती. जूनच्या सुरुवातीला गडगडाट झाला तेव्हा बाबांनी पिन उपटली आणि दुसऱ्या दिवशी परत खोचली. दुपिनी टोक सॉकेटात दोन्ही बाजूंनी बसते. माझा स्क्रू वायरीतल्या दोन तारांपैकी एकीला टेकला होता. मे महिन्यात ती तार न्यूट्रल होती, म्हणून काही झाले नाही. पिन उलटी बसली आणि तीच तार फेज झाली. बाबांनी खबरदारी म्हणून केलेल्या गोष्टीनेच माझी चूक जागी झाली. चित्र मात्र दोन्ही वेळा सारखेच स्वच्छ दिसत होते. वस्तू चालते आहे म्हणजे काम बरोबर झाले आहे, हा विजेच्या बाबतीत भ्रम आहे.

आणखी एक गोष्ट. त्या वेळी टीव्ही 'बंद' होता, असे आम्ही सारे म्हणत होतो. तो रिमोटने बंद होता. रिमोटने बंद केलेल्या संचापर्यंत वीज आलेलीच असते. बोर्डावरचा स्विच बंद केला असता तर ती चौकटही त्या वेळी निर्जीव असती.

आजी वाचली ती एका योगायोगाने. तिच्या बोटांची मागची बाजू चौकटीला लागली. विजेने हाताचे स्नायू आखडतात. मागची बाजू लागली तर हात झटकला जातो. तळहाताने धरले असते तर मूठ आवळली गेली असती आणि सुटली नसती. हे ऐकल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही.

वायर भिंतीत पुरू नये, ती का?

टीव्हीबरोबर येणारी वायर ही लवचिक वायर असते. ती उघड्यावर राहण्यासाठी, हलवण्यासाठी, खराब झाली तर बदलण्यासाठी बनवलेली असते. तिचे आवरण वाकावे म्हणून बेताचेच जाड असते. अशी वायर सिमेंटमध्ये पुरली की पुढे तिचे काय होते ते कुणाला दिसत नाही. ओल धरते, पट्टी गुंडाळलेला जोड सैल होतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी तसबिरीसाठी खिळा ठोकतो. टीव्हीचा प्रवाह तसा फार नसतो. शंभर वॉटच्या संचाला अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी लागतो. म्हणून 'एवढीशी वायर, तिने काय होते' असे वाटते. पण धोका प्रवाहाचा नाही, दाबाचा आहे. आणि दाब तोच २३० व्होल्टचा, मग पुढे टीव्ही असो की पिठाची गिरणी.

भिंतीत कायम राहणारी वायर निराळी असते. ती पाइपातून जाते. पाइप खिळ्याला थोडाफार अडवतो, सिमेंट वायरीला लागू देत नाही आणि पुढे कधी वायर बदलायची झाली तर भिंत न फोडता जुनी ओढून नवी घालता येते. शिवाय पाइपात जोड देत नाहीत; जोड द्यायचाच झाला तर झाकण उघडता येईल अशा पेटीत देतात.

तात्यांनी हे सारे एका वाक्यात सांगितले: "झाकावं, पण पुरू नये."

मग करावे काय?

तीन मार्ग आहेत. घर, पैसा आणि भिंत पाहून एक निवडावा.

पहिला मार्ग म्हणजे सॉकेटच टीव्हीमागे नेणे. येथे टीव्हीची वायर भिंतीत जातच नाही. बोर्डापासून टीव्हीच्या मागे पाइप टाकायचा, त्यातून आय.एस.आय. चिन्हाच्या तांब्याच्या तीन वायरी न्यायच्या — फेज, न्यूट्रल आणि अर्थ — आणि टीव्हीमागे भिंतीत खोल बसणारी सॉकेटची पेटी बसवायची. दीड चौरस मिलिमीटरची वायर या कामाला पुरते. टीव्हीची वायर तेथेच संचाच्या आडोशाला खोचली जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. स्विच मात्र खाली बोर्डावर, हाताशी ठेवावा. सॉकेट टीव्हीच्या मध्यावर न घेता खालच्या कडेजवळ घ्यावे, म्हणजे हात घालून पिन काढता येते. आमच्या कोकणात हे फार महत्त्वाचे, कारण वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसता स्विच बंद करून भागत नाही. पिन उपटावी लागते, आणि छत्रीची केबलही काढावी लागते.

खाच उभी किंवा आडवी, सरळ रेषेत काढावी. तिरकी कधीही नाही. याचे कारण सौंदर्याचे नाही. पुढे येणारा माणूस बोर्ड पाहून अंदाज करतो की वायर याच्या थेट वर, खाली किंवा बाजूला गेली असेल. तिरकी वायर त्याला फसवते. मलाही तिनेच फसवले, आणि ती तिरकी जाताना तर मी समोर उभी होते! भारवाही भिंतीत लांब आडवी खाच शक्यतो टाळावी, ती भिंतीला अधिक कमकुवत करते. आणि काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला छिन्नी लावूच नये.

चित्र-आवाजाच्या केबलींना दुसरा, वेगळा पाइप हवा. सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत जाणाऱ्या एच.डी.एम.आय. केबलमध्ये दाब असतो जेमतेम पाच व्होल्टचा. छत्रीकडे जाणाऱ्या केबलमध्ये तेरा किंवा अठरा व्होल्टचा. या गरीब केबली आणि २३० व्होल्टची वायर एका पाइपात घालू नये. आवरणाला कोठे चीर गेली तर मोठी वीज लहान केबलीत शिरते आणि तेथून हातातल्या बॉक्समध्ये येते. शिवाय शेजारच्या विजेचा उपद्रव चित्रालाही होऊ शकतो. दोन पाइपांत वीतभर अंतर ठेवावे; एकमेकांना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. हा दुसरा पाइप रुंद घ्यावा, कारण केबल बारीक असली तरी तिचे टोक रुंद असते. एका घरी आम्ही प्लास्टर झाल्यावर केबल घालू लागलो तेव्हा ती पहिल्याच वळणात अडकली. सगळी भिंत पुन्हा फोडावी लागली. तेव्हापासून तात्या प्लास्टरच्या आधी टोकासकट केबल आरपार ओढून बघतात आणि पाइपात एक नायलॉनची दोरी ठेवून देतात. उद्या नवी केबल आली की ती दोरी कामाला येते.

दुसरा मार्ग सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत शहाणा: भिंतीवरून प्लॅस्टिकची पट्टी नेणे. तिचा तळ भिंतीला स्क्रूने बसवतात, वायर आत ठेवतात आणि वरून टोपण दाबतात. भिंतीचा रंग तिला दिला की चार पावलांवरून ती डोळ्यांत भरत नाही. भाड्याच्या खोलीत तर हाच मार्ग. घरमालकाची भिंत फुटत नाही. वायर अखंड ठेवावी, कापू-जोडू नये. विजेची एक पट्टी आणि केबलींची दुसरी. कधी शंका आली तर टोपण काढून पाहता येते. वायर झाकलेली आहे, पण पुरलेली नाही.

तिसरा मार्ग लाकडी फळीचा किंवा कपाटाचा. भिंतीपासून थोडे पुढे फळ्यांचे पॅनेल उभे करून वायरी त्याच्यामागून, क्लिपांनी बांधून नेतात. हे छान दिसते. मात्र पॅनेलमागे हवा खेळायला जागा हवी, जास्तीची वायर गुंडाळून कोंबू नये, आणि सॉकेटपर्यंत हात पोचेल अशी खिडकी ठेवावी. सुतार काम संपवून गेला आणि सॉकेट फळीमागे कायमचे बंद झाले, असे एक घर मी पाहिले आहे.

छत्रीची केबल बाहेरून आत येते तेथे आणखी एक बारकावा आहे. भिंतीतले भोक आतून बाहेर किंचित उतरते असावे आणि केबलीला भोकापाशी येण्याआधी खाली एक झोल द्यावा. पावसाचे पाणी केबलीवरून ओघळत येते. झोल असला की ते सर्वांत खालच्या ठिकाणी थेंबाथेंबाने गळून जाते. नसला तर तेच पाणी केबलीचे बोट धरून घरात येते.

भोक पाडण्यापूर्वी

आता माझ्या चौथ्या भोकाकडे वळते. तात्या भोक पाडण्यापूर्वी जे करतात ते असे.

प्रथम ते भिंत दोन्ही बाजूंनी पाहतात. पलीकडच्या खोलीत बोर्ड कोठे आहे, नळ कोठे आहे, कोणत्या बोर्डाच्या थेट वर आपली जागा येते. नंतर मेन बंद. नुसता स्विच बंद करून ते थांबत नाहीत. जुन्या घरात चुकून स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि तो बंद केला तरी वायर जिवंत राहते. मेन बंद म्हणजे ड्रिल मशीनही बंद, म्हणून ते बॅटरीवर चालणारे मशीन वापरतात. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो शाबूत आहे हे पाहतात, मग बंद केलेल्या जागी लावतात, आणि काम संपल्यावर पुन्हा चालू जागी. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून टेस्टर लावला तर दिवा फसवू शकतो, हेही त्यांनीच दाखवले. वायर शोधणारी यंत्रे आता मिळतात. पण ओल्या जाड भिंतीत त्यांच्यावर सर्वस्वी विसंबू नये. यंत्राने 'आहे' म्हटले तर मानावे. 'नाही' म्हटले तर तरीही जपून राहावे.

आणि भोक पाडताना हाताकडे लक्ष ठेवावे. चिऱ्यात जाणारे मशीन एका सुरात चालते, लाल भुकटी पडते. अचानक ते सहज आत गेले, भुकटीचा रंग बदलला, गिट्टी बसेना, तर थांबावे. तेथे पूर्वी कुणीतरी खाच काढून भरलेली आहे. माझ्या हाताला त्या भिंतीने स्पष्ट सांगितले होते. मी ऐकले नाही. शिवाय अशा भुसभुशीत जागी स्क्रू वजनही धरत नाही. प्लास्टर हे भिंतीचे वस्त्र आहे. भार नेहमी आतल्या दगडाने किंवा विटेने घ्यायचा असतो.

काम झाल्यावर प्लास्टर चढण्यापूर्वी उघड्या खाचांचे एक छायाचित्र काढावे, शेजारी मोजपट्टी धरून. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. हे न करण्याला सबब नाही. तात्या याखेरीज मीटरच्या कपाटाच्या दारामागे पेन्सिलीने नकाशा काढून ठेवतात: 'जमिनीपासून चार फूट, दारापासून दोन'. घराचे मालक बदलतात, दार तेथेच राहते.

माणसाचा रखवालदार

तात्यांनी आमच्या घरी त्या दिवशी आणखी एक उपकरण बसवले: आर.सी.सी.बी. त्याचे काम सोपे आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला पाहिजे. कमी आला, तर उरलेला कोठेतरी गळतो आहे, कदाचित एखाद्याच्या अंगातून. घरात वापरायच्या उपकरणात हा फरक तीस मिलिअँपिअरचा झाला की ते सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडते. त्यावर चाचणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही हे पाहावे. आमच्या घरी हे काम आजीने स्वतःकडे घेतले आहे. दर संकष्टीला ती ते बटण दाबते.

परंतु रखवालदार ठेवला म्हणून दार उघडे टाकायचे नसते. फेज आणि न्यूट्रल या दोघींना एकदम हात लागला तर गळती होत नाही, आणि मग त्यालाही काही कळत नाही. अर्थिंग तर हवेच. आमच्या सड्यावरची जमीन उन्हाळ्यात ठक्क कोरडी होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते.

शेवटी कायद्याचे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांपर्यंत एक तत्त्व कायम आहे: बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून, जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. म्हणजे पट्टी बसवणे आपले आपण करावे. पण भिंतीतून नवी लाइन नेऊन सॉकेट बसवायचे असेल तर तात्यांसारख्याला बोलवावे. हा लेख वाचून कुणी छिन्नी हाती घेऊ नये. आपल्या घरी येणाऱ्या माणसाला योग्य प्रश्न विचारावेत, एवढाच त्याचा उद्देश आहे.

आता मूळ 'का'कडे येते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने वायरीवर का लिहावे? आम्ही वर्गात शिकतो की चांगल्या लेखनात कष्ट दिसू नयेत. ते लेखनापुरते ठीक आहे. मी तोच नियम भिंतीला लावला आणि जे दिसत नाही ते नाहीच असे समजून चालले. वायर दिसेनाशी झाली तेव्हा तिची आठवणही नाहीशी झाली, आणि पाच-सहा दिवसांपूर्वी स्वतः पाहिलेल्या खाचेवरच मी भोक पाडले.

आमच्या घरी आता पट्टी आहे. तात्या तिला भिंतीचा रंग देणार होते. आजी प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून समोर बसली होती. ती म्हणाली, "नको. दिसू दे मला ती." म्हणून आमच्या पांढऱ्या भिंतीवर टीव्हीपासून बोर्डापर्यंत एक सरळ, तपकिरी पट्टी आहे. पाहुणे विचारतात, हिला रंग का नाही दिला? मी कारण सांगते. सगळे सांगते; चौथ्या स्क्रूसकट.